अठराविश्वे दारिद्र्य : यातील ‘विश्वे’ म्हणजे नेमके काय?

माणदेशकन्या

मी माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला ‘अठराविश्वे दारिद्र्य’ या शब्दप्रयोगाचा अर्थ लिहायला दिला होता. बहुतेक मुलांनी ‘अतिशय गरिबी’ असे लिहिले आणि मी बरोबरची खूण करीत पुढे गेले. एका मुलीने मात्र ‘अठरा विश्वांत मावणार नाही एवढी गरिबी’ असे लिहिले होते. मी त्यावर लाल शाईने काट मारली. दुसऱ्या दिवशी तिने वही माझ्यापुढे धरली आणि विचारले, “बाई, मग विश्वे म्हणजे काय?” मला उत्तर देता आले नाही. जे मला ठाऊक नव्हते, त्यासाठी मी तिचे गुण कापले होते, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

घरी आल्यावर विचारपूस केली तेव्हा दोन स्पष्टीकरणे हाती आली. एक असे, की ‘विश्वे’ म्हणजे ‘विसे’. अठरा विसे म्हणजे अठरा गुणिले वीस, ३६०, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस. दुसरे असे, की विश्वा म्हणजे विसावा भाग. विसांपैकी अठरा भाग दारिद्र्य आणि उरलेले दोन भाग काय असेल ते. दोन्ही ऐकायला पटतात, पण दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावे. सोमवारी मला वर्गात उत्तर द्यायचे आहे.

शब्दशोधक

पहिलेच स्पष्टीकरण मला ग्राह्य वाटते. वीस या संख्येचा गट म्हणजे विसा, आणि पैसा-पैसे, आणा-आणे यांप्रमाणे त्याचे अनेकवचन विसे. खेड्यापाड्यांत वय सांगताना ‘तीन विसा आणि पाच’ असे म्हणणारी माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. हिशेबाची सवय विसांची असेल, तर ‘वर्षभर’ म्हणण्याऐवजी ‘अठरा विसे दिवस’ असे तोंडात येणे स्वाभाविक आहे. पुढे विसांनी मोजणे मागे पडले, ‘विसे’ हा शब्द कानाला अनोळखी झाला, आणि लिहिणाऱ्यांनी त्याला संस्कृत वळण देऊन ‘विश्वे’ केले. ‘विश्व’ हा नपुंसकलिंगी शब्द असल्यामुळे त्याचे अनेकवचनही ‘विश्वे’ असेच होते. तुमची विद्यार्थिनी चुकली ती व्याकरणात नव्हे. तिने समोर असलेल्या रूपाचा जो सरळ अर्थ निघतो तो लिहिला. तिचे गुण तुम्ही परत द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एखादी गोष्ट सदासर्वकाळ चालू आहे असे सांगायचे असले, की मराठी माणूस काळाचे सगळे तुकडे मोजून दाखवतो. आठही प्रहर, बारा महिने, तिन्ही त्रिकाळ, आणि अलीकडे चोवीस तास. अठरा विसे हे त्याच घराण्यातले आहे.

पिंपळपान

आमच्या आजीच्या तोंडी ‘अठराविसे दरिद्र’ असेच होते. ‘विश्वे’ हे रूप मी पुस्तकात प्रथम पाहिले.

दूरदेशी

मी अनेक वर्षे फ्रान्समध्ये राहतो. येथे ऐंशी या संख्येला आजही ‘चार विसा’ असेच म्हणतात, त्यामुळे विसांच्या मोजणीविषयी मला शंका नाही. शंका वेगळी आहे. वर्षाचे दिवस ३६५ असतात. ज्यांनी हा शब्दप्रयोग घडवला त्यांना उरलेले ५ दिवस दिसले नाहीत का? आपल्याकडच्या चांद्र वर्षाचे दिवस धरले तरी ते ३५४ भरतात. ३६० हा आकडा दोन्हींत बसत नाही. गोल आकडा म्हणून सोडून द्यायचे, की त्यामागे काही हिशेब आहे?

तिथीवार

हिशेब आहे, आणि तो अगदी काटेकोर आहे. चांद्र वर्षाचे दिवस साधारण ३५४ असले, तरी तिथी ३६० असतात. एका मासात ३० तिथी आणि वर्षाचे १२ मास. क्षय आणि वृद्धी यांमुळे दिवस व तिथी यांची जुळणी मागेपुढे होते, पण अधिक मास नसलेल्या वर्षात तिथींची गणती ३६० हीच राहते. सण, व्रते, श्राद्धे, सारे तिथीवर चालणाऱ्या समाजात ‘वर्षभर’ याचा अर्थ ‘३६० तिथी’ असा होणे सहज आहे. याशिवाय आपल्या गणितात सावन वर्ष म्हणून एक वर्ष आहे. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा तो एक सावन दिवस, आणि असे ३६० दिवस म्हणजे सावन वर्ष.

तिथीचा विचार केला की या शब्दप्रयोगाला वेगळीच धार येते. पाडव्याची तिथी, दसऱ्याची तिथी, वडिलांच्या श्राद्धाची तिथी, यांतली एकही गरिबीतून सुटत नाही. सणासुदीलाही ज्या घरात वेगळे काही शिजत नाही, त्या घराविषयी हे बोलले जात असणार.

माळव्यातला मराठी

आमचे घराणे चार पिढ्यांपासून माळव्यात आहे, म्हणून दुसऱ्या स्पष्टीकरणाची बाजू मांडतो. ग्वाल्हेरकडच्या जुन्या जमिनीच्या कागदांत बिघा आणि बिस्वा ही मापे सर्रास येतात. २० बिस्वांसी म्हणजे एक बिस्वा आणि २० बिस्वे म्हणजे एक बिघा. आमच्याकडे हिंदीत ‘बीस बिस्वे’ म्हणजे ‘पूर्णपणे, निश्चित’ असा अर्थ होतो, जसे मराठीत ‘सोळा आणे खरे’. एवढेच नव्हे, तर कान्यकुब्ज ब्राह्मणांत घराण्याची प्रतिष्ठासुद्धा बिस्व्यांत मोजण्याची रीत होती. अमुक घर वीस बिस्व्यांचे, तमुक घर दहा बिस्व्यांचे, असे लग्नाच्या बोलण्यांत येई. म्हणजे बिस्वा हे केवळ जमिनीचे माप न राहता, जी गोष्ट हातात धरता येत नाही तिचेही माप झाले होते. प्रतिष्ठा विसांपैकी किती, हे जर सांगता येते, तर दारिद्र्य विसांपैकी किती, हे का सांगता येऊ नये? अठरा विश्वे म्हणजे जवळजवळ संपूर्ण.

शब्दशोधक, आपण ‘विसे’चे ‘विश्वे’ झाले असे म्हणता. ‘बिस्वा’ आणि ‘विश्वा’ यांत तर तेवढाही फरक करावा लागत नाही.

सातबारा

मी ३२ वर्षे तलाठी म्हणून काम केले. जमिनीच्या मापांशी रोजचा संबंध असल्यामुळे एक सांगावेसे वाटते. आपल्या मुलखातल्या जुन्या कागदांत बिघा आहे, पण माझ्या नजरेखालून गेलेल्या एकाही दप्तरात बिस्वा आलेला नाही. आपले कोष्टक असे होते : २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर. बिघ्याचा विसावा भाग म्हणजे आपल्याकडे पांड. तेव्हा जमिनीच्या मापावरून मराठीत हा शब्दप्रयोग तयार झाला असता, तर तो ‘अठरा पांड दारिद्र्य’ असा व्हायला हवा होता.

मात्र कोष्टकाकडे नीट पाहा. काठीपासून पांडापर्यंत वीस, पांडापासून बिघ्यापर्यंत वीस. धान्याचे घ्या, २० मणांची एक खंडी. मेंढ्या मोजताना धनगर २० मेंढ्यांना एक खंडी म्हणतात. कोडी म्हणजेही वीसच. शेतकऱ्याचे आणि मेंढपाळाचे सारे जग विसांच्या गठ्ठ्यांत बांधलेले होते. त्यामुळे दिवसही विसांनीच मोजले गेले, हे मला पूर्णपणे पटते.

तिथीवार

सातबारा यांचा पांडाचा मुद्दा बिनतोड आहे, पण माळव्यातला मराठी यांची बाजू एवढ्याने पडत नाही. ‘विश्वा’ हा शब्द जमिनीखेरीज ज्योतिषाच्या व्यवहारातही आहे. संस्कृतात विंशोपक म्हणजे विसावा भाग. ग्रहाचे बळ विसांपैकी किती, हे सांगणाऱ्या पद्धतीला विंशोपक बल म्हणतात आणि तेथे २० म्हणजे पूर्ण बळ. पंचांगांच्या वर्षफलातही पाऊस इतके विश्वे, धान्य इतके विश्वे, असे आकडे देण्याची पद्धत आहे. पाडव्याच्या दिवशी ते वर्षफल वाचून दाखवले जाई. ते ऐकणाऱ्या शेतकऱ्याने स्वतःच्या घराविषयी ‘आमच्याकडे दारिद्र्य अठरा विश्वे’ असे म्हटले असेल, तर ती कल्पना मला ओढून ताणून आणलेली वाटत नाही.

वर तिथींच्या बाजूने मीच लिहिले होते, हे मी विसरलेलो नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा जसा आहे तसा समोर ठेवणे मला योग्य वाटते.

बालाघाट

अठराच का, वीस का नाहीत? कोणी टोकाची गरिबी सांगताना दोन भाग कमी करून सांगेल का? ‘सोळा आणे’ म्हणणारा माणूस ‘चौदा आणे खरे’ असे म्हणत नाही. मला तर हा एकच प्रश्न दुसऱ्या स्पष्टीकरणाच्या विरोधात पुरेसा वाटतो.

माळव्यातला मराठी

बालाघाट, प्रश्न रास्त आहे. परंतु पहिल्या स्पष्टीकरणालाही अशीच एक अडचण आहे. विसांनी मोजताना लोक ‘दोन विसा, तीन विसा, पाच विसा शंभर’ असे म्हणतात. संख्येनंतर ‘विसा’ बदलत नाही. त्या सवयीप्रमाणे ‘अठरा विसा दारिद्र्य’ व्हायला हवे होते. ‘विसे’ हे रूप कोठून आले?

शब्दशोधक

अडचण मान्य आहे. मोजताना ‘विसा’ तसाच राहतो हे खरे. मात्र तोच शब्द नाम म्हणून स्वतंत्रपणे आला की त्याचे अनेकवचन होते. ‘पाच पैसा’ असे मोजताना म्हणणाराही ‘पैसे संपले’ असेच म्हणतो. पिंपळपान यांच्या आजी ‘अठराविसे’ म्हणत असत, हा पुरावा एका घरातला असला तरी बोलीतला आहे, आणि मला तो छापील रूपापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

जुनी वही

विसांच्या मोजणीविषयी येथे बरेच लिहिले गेले आहे, म्हणून जे डोळ्यांनी पाहिले ते सांगते. माझी पणजी गोवऱ्या विकत असे. तिला अक्षरओळख नव्हती. गोवऱ्या मोजताना ती वीस झाल्या की भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढी आणि मोठ्याने ‘एक विसा’ म्हणे. पाच रेघा झाल्या की त्यांच्यावर एक आडवी रेघ मारून ‘शंभर’ म्हणे. चुलीच्या बाजूच्या भिंतीवर अशा रेघा आणि त्यांच्याच शेजारी वेगळ्या रेघा असत. त्या वेगळ्या रेघा म्हणजे शेजारणीकडून उसन्या आणलेल्या पिठाच्या वाट्या. पीठ परत केले की ती ओल्या बोटाने एक रेघ पुसून टाकी. दिवाळीच्या आधी भिंत सारवली जाई, पण सारवण्यापूर्वी ती उरलेल्या रेघा मोजून पदराला तेवढ्या गाठी मारून ठेवत असे, कारण भिंत सारवल्याने देणे फिटत नाही, असे तिचे म्हणणे होते.

ती ‘अठराविसे’ म्हणत असे की ‘अठराविश्वे’, हे मला आठवत नाही. पण तिला तो शब्द कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

पिंपळपान

जुनी वही, पदराच्या गाठी वाचून थांबले. आमच्याकडेही तेच होते.

निळी शाई

विषयाला धरूनच थोडे पुढे जातो. ‘अठराविश्वे’चा निकाल लागायचा तेव्हा लागो, पण त्याच्या पुढचा ‘दारिद्र्य’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. (लिहिताना ‘र्य’ की ‘य्र’ असा गोंधळ होतो म्हणून सांगतो, मूळ शब्द दरिद्र आणि त्याला ‘य’ लागून दारिद्र्य. ‘द्र’ आधी, ‘य’ शेवटी.) संस्कृत धातुपाठात ‘दरिद्रा दुर्गतौ’ असा धातू दिलेला आहे. हे रूप ‘द्रा’ म्हणजे धावणे या धातूपासून, क्रिया पुन्हा पुन्हा होते हे दाखवण्यासाठी, तयार झालेले आहे. म्हणजे दरिद्र हा मुळात सतत इकडून तिकडे धावत राहणारा. एका जागी टिकायला ज्याच्यापाशी काही नाही, तो.

आता ‘गरीब’ घ्या. हा अरबी शब्द. मूळ अर्थ परका, परमुलखातला, आपल्या माणसांपासून दूर असलेला. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला तोवर त्याचा अर्थ निर्धन असा झाला होता. मराठीत आणखी एक पाऊल पुढे पडले आणि गरीब म्हणजे निमूटपणे सोसणारा, ‘गरीब गाय’ असाही अर्थ आला. संस्कृत आणि अरबी या एकमेकींशी नाते नसलेल्या दोन भाषा. दोघींनाही निर्धन माणूस प्रथम दिसला तो घरात नव्हे, तर रस्त्यावर चालताना.

बालाघाट

निळी शाई, आपण लिहिलेले वाचून राहवले नाही. मी बीड जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको मिळून जातात. त्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांचे नाव एक अवजार. माझ्या आईवडिलांची नोंद मुकादमाच्या वहीत अशीच होती. मी आजीजवळ राहिलो म्हणून शाळा सुटली नाही. माझ्याबरोबर पहिलीत बसलेली कितीतरी मुले बैलगाडीत बसून गेली आणि त्यातली काही पुन्हा वर्गात आलीच नाहीत. ‘धावत राहणारा तो दरिद्र’ हा अर्थ मला व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होता.

माणदेशकन्या

बालाघाट, माझ्याही वर्गात दिवाळीनंतर हजेरी घेताना काही नावांपाशी थांबावे लागते. तुमचे लिहिणे मी मुलांना वाचून दाखवू शकते का?

बालाघाट

अवश्य वाचा, बाई.

कुळागर

गोव्याकडून एक भर. कोंकणीत गरिबीला ‘दळडीर’ म्हणतात, आणि मराठीतही ‘दळिद्दर’, ‘दळिद्री’ ही रूपे बोलण्यात आहेत. पालीत ‘दळिद्द’ असा शब्द आहे. म्हणजे र चा ल किंवा ळ होणे हे फार जुने वळण आहे, गावंढळ उच्चार म्हणून त्याला हिणवण्याचे कारण नाही.

सातबारा

कुळागर यांनी ‘दळिद्री’चा उल्लेख केला त्यावरून एक सल बोलून दाखवतो. मूळ अर्थाने निर्धन असलेला हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. कंजूष माणसाला ‘दळिद्री’, आळशी माणसाला ‘दळिद्री’, गलिच्छ राहणाऱ्यालाही तेच. माझ्या नोकरीच्या काळात पिवळ्या शिधापत्रिकांसाठी अर्ज येत. १९९९ साली पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या पत्रिका आल्या, तेव्हा पिवळ्या पत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये होती. उत्पन्नाचा दाखला मागायला आलेला माणूस कार्यालयाच्या दाराबाहेर चपला काढून उभा राहत असे. मी प्रत्येकाला चपला घालून आत यायला सांगत असे, पण फार थोडे येत. एकदा रांगेतल्या एका म्हाताऱ्याला मागच्याने पुढे सरकण्यावरून ‘दळिद्र्या’ म्हटले. म्हातारा शांतपणे म्हणाला, “त्याचाच तर कागद घ्यायला आलोय.” तो आवाज मला आजही ऐकू येतो.

निळी शाई

सातबारा काका, याच्याशी जोडलेला एक शब्द माझ्या घरातला आहे. ‘नादारी’. फारसीत ‘ना’ म्हणजे नाही आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा. जमीनदार, दुकानदार, इनामदार यांतला जो ‘दार’, त्याच्या मागे ‘ना’ लागला की नादार, ज्याच्याजवळ काहीच नाही तो. जुन्या शाळांत फी माफ होण्याला नादारी म्हणत. माझे वडील पुण्यातील एका शाळेत नादारीवर शिकले. दर सहामाहीला वर्गशिक्षक नादारांची नावे वर्गासमोर वाचून दाखवत आणि त्या मुलांना उभे राहावे लागे. परीक्षेत नापास झाला की नादारी जात असे, म्हणून ते कधी नापास झाले नाहीत. पुढे ते स्वतः शिक्षक झाले. फीमाफीच्या याद्या त्यांनी आयुष्यभर वर्गात न वाचता मुलांच्या घरी जाऊन सांगितल्या.

त्यांच्याच तोंडून मी वारांविषयी ऐकले. गावाहून पुण्याला शिकायला आलेली मुले वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरे. वडिलांना पाचच घरे मिळाली होती. बुधवार आणि शनिवार रिकामे होते. ते म्हणत, “मला आठवड्याचे दिवस नावांनी नव्हे, पोटाने कळत.” बुधवारी सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी बुधवार आहे हे कळायचे.

म्हणून, मूळ प्रश्नाकडे परत येत, माझे मत पहिल्या स्पष्टीकरणाकडे झुकते. विसावा भाग, बळ, प्रतिष्ठा ही मोजणी बाहेरून बघणाऱ्याची आहे. आज जेवायला आहे की नाही, हे ज्याला रोज पाहावे लागते त्याचा हिशेब दिवसांचा असतो.

तिथीवार

वडिलांची आठवण फार मोलाची आहे, परंतु शब्दाची व्युत्पत्ती आपल्याला काय भावते यावर ठरवता येणार नाही. गरीब माणूस दिवस मोजतो हे खरे, आणि पंचांगाचे वर्षफल ऐकायला गावदेवळात तोच गरीब माणूस बसलेला असे, हेही तितकेच खरे. दोन्ही स्पष्टीकरणे गरिबाच्या अंगणात उभी आहेत.

निळी शाई

मान्य आहे. ‘झुकते’ एवढेच म्हटले होते, तरी आपली ताकीद योग्य आहे.

अर्थविचार

दिवसांच्या हिशेबाविषयी एक माहिती देतो. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. त्यामागचे एक महत्त्वाचे काम पुण्यातच झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर शक्य होतो, ती पातळी रेषा म्हणून धरली होती. १९६०-६१ च्या किमतींना ती खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी ठरली. महिन्याचे १५ रुपये म्हणजे दिवसाला ५० पैसे. अर्थशास्त्रज्ञांनी सुरुवात केली तीही एका माणसाच्या एका दिवसाच्या पोटापासूनच. यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही हे तिथीवार यांच्या आधी मीच सांगतो, पण नोंद करावीशी वाटली.

दूरदेशी

माझ्या तिथीविषयीच्या शंकेचे समाधान झाले, त्याबद्दल आभार. ‘पाचवीला पुजलेले दारिद्र्य’ हेही याच जातीचे आहे ना?

जुनी वही

थोडे वेगळे आहे. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री पाचवी पुजतात आणि सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते अशी समजूत आहे. तेव्हा पाचवीला पुजलेले म्हणजे जन्मापासून मागे लागलेले. अठराविसे म्हणजे वर्षातला एकही दिवस न सोडणारे. पहिल्यात दोष नशिबाला जातो. दुसऱ्यात नशीब नाही, देव नाही, नुसती मोजणी आहे. मला दुसरा शब्द अधिक खरा वाटतो. माझ्या पणजीच्या भिंतीवरही सटवाईचे काही लिहिलेले नव्हते, तिच्या स्वतःच्या रेघा होत्या.

शब्दशोधक

जुनी वही यांनी फरक अचूक सांगितला. सोमवार जवळ आला आहे, म्हणून माणदेशकन्या यांना वर्गात काय सांगता येईल ते माझ्या मते असे : ‘अठरा विश्वांचे’ हा अर्थ बरोबर नाही. ‘विश्वे’च्या पोटात वीस आहेत, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. ते वीस दिवसांचे गठ्ठे आहेत की विसावे भाग आहेत, यावर अभ्यासू माणसे आजही दोन मते धरू शकतात. मी पहिले मत धरतो. मुलांना दोन्ही सांगावीत.

माणदेशकन्या

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सोमवार, वर्ग झाला.

आधी त्या मुलीचे गुण परत दिले आणि माझी काट खोडून बाजूला सही केली. मग फळ्यावर दोन्ही स्पष्टीकरणे मांडली. काठी, पांड, बिघा सांगितले, तिथींचा गुणाकार मुलांकडूनच करवून घेतला. बालाघाट यांचे लिहिणे वाचले तेव्हा वर्ग शांत होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा ‘आमचा पण एक कोयता’ एवढेच म्हणाला आणि खाली बघू लागला. मी पुढचे वाक्य थोडे थांबून वाचले.

सातबारा यांनी सांगितलेली धनगरांची खंडी सांगितली, तेव्हा तीच मुलगी उठून उभी राहिली. तिचे घर मेंढपाळांचे आहे, हे मला वर्षभर ठाऊक नव्हते. आजोबा संध्याकाळी मेंढरे वाड्यात घेताना वीस झाली की एक खडा खिशात टाकतात, म्हणून ती सांगत होती. सध्या त्यांचे तीनच खडे होतात. तिने वहीत १८ गुणिले २० केले, उत्तराकडे पाहिले आणि मला विचारले, “बाई, अठरा खंडी म्हणजे आमच्याकडं लई मोठी श्रीमंती. मग दिवस मोजले की गरिबी आणि मेंढरं मोजली की श्रीमंती, आकडा तोच?”

मी होय म्हटले. तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतले.